पावतीवर दोन ओळी जास्त लिहा : नाशिकच्या सराफांना खुले पत्र

नाशिक आणि नाशिकरोडच्या समस्त सराफ व्यावसायिकांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा जुना गिऱ्हाईक. जेल रोडला राहतो. करन्सी नोट प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी तपासणीत गेली. छापून आलेल्या कागदावर कुठे रेघ तुटली, कुठे आकडा सरकला, कुठे शाई पसरली हे शोधायचं काम. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. कोणी लग्नपत्रिका हातात दिली तर आधी छपाई बघतो, मग मुहूर्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगणार आहे ती फजिती अशा माणसाची आहे.

२०२१ च्या धनत्रयोदशीला थोरल्या लेकीसाठी एक पेंडंट घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका दुकानाची नाहीच. गर्दी इतकी की पावती हातात यायला पाऊण तास लागला. पावतीवर सोन्याचं वजन, घडणावळ, जीएसटी सगळं व्यवस्थित, आणि खड्यापुढे नुसतं ‘डाय. ०.४६’. बरोबर एटीएम कार्डाएवढं एक चकचकीत कार्ड. खड्याचे एकतीस हजार लावले. आम्ही पेढा खाल्ला, लाल पिशवी काखेत मारली आणि रिक्षाने घरी आलो. कार्ड पावतीबरोबर कपाटात गेलं.

गेल्या वर्षी लेकीला बांगड्या करायच्या होत्या. पेंडंट मोडून त्यात भर घालू म्हणून आम्ही बापलेक त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने कार्ड बघितलं आणि सहज म्हणाला, “काका, हा लॅबचा आहे. सोन्याचे होतील, खड्याचे नाही.” मग आतून कारागिराला हाक मारली. त्याने कोंदणाच्या नख्या उचकटल्या, खडा सुटा केला, गुलाबी कागदाच्या पुडीत बांधला आणि माझ्या तळहातावर ठेवला. देवळातून अंगाऱ्याची पुडी मिळावी तशी.

तोंडावर शब्द आले होते. पण कार्ड उलटून बघितलं तर त्यावर इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘लॅबोरेटरी ग्रोन’, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, असं छापलेलंच होतं. चार वर्षं ते माझ्याच कपाटात पडून होतं. उभ्या हयातीत सरकारचा कागद भिंगाखाली धरला आणि स्वतःचा वाचला नाही. तेव्हा अर्धी चूक माझी, कबूल. उरलेल्या अर्ध्या चुकीबद्दल हे पत्र आहे.

ती पुडी घेऊन मी सराफ बाजारात एका जुन्या पेढीवर गेलो. गोदावरीचा पूर आत शिरला होता त्या वेळची पाण्याची रेघ त्यांच्या भिंतीवर अजून दिसते. सौ. बरोबर होती. तिने आईच्या हिऱ्याच्या कुड्या, सात सात खड्यांच्या, रुमालात बांधून आणल्या होत्या. म्हणाली, एकदाच काय तो दोन्हींचा हिशोब कळू दे.

पेढीवरचे आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी मखमलीच्या तबकात डावीकडे एक कुडी ठेवली, उजवीकडे माझ्या पुडीतला खडा. खणातून पेनासारखं यंत्र काढलं. त्याची सुई कुडीच्या मधल्या खड्याला टेकवली तसे एकेक करत दिवे चढले आणि टूं वाजलं. मग लॅबच्या खड्याला टेकवली. तेवढेच दिवे, तसंच टूं. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. फरक शून्य. सौ. माझ्याकडे बघायला लागली.

“हे फक्त उष्णता किती झपाट्याने पळते तेवढंच बघतं,” आजोबा म्हणाले. “दोन्ही हिरेच आहेत. अमेरिकन डायमंड ठेवला असता तर गप्प बसलं असतं. पण कुठे जन्मला ते याला कळत नाही. त्याला मोठं मशीन लागतं.”

मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कुडी चिमटीत धरून बराच वेळ फिरवत राहिले. “पाणी छान आहे. पैलू जुन्या चालीचे, हाताने पाडलेले. वहिनी, या घाला. मोडायला मात्र आणू नका.” का, तर खडे बारीक, पैलू जुने. आजच्या पद्धतीने पुन्हा पैलू पाडायचे तर वजन जाणार. मग जो आकडा हातात पडेल तो ऐकून वाईट वाटेल. आकडाही त्यांनी सांगितला. खरंच वाईट वाटलं.

म्हणजे बघा. माझा खडा मशीनमधला म्हणून मोडत नाही, आणि सासूबाईंच्या कुड्या खाणीतल्या असूनही मोडायच्या लायकीच्या नाहीत. गेली चार वर्षं मी एका खड्याच्या नावाने बोटं मोडत होतो असं नाही, मला ठाऊकच नव्हतं. पण सासूबाई गेल्यापासून तीस वर्षं आमच्या घरात ‘कुड्या आहेत, अडीनडीला होतील’ हा धीर होता. तो कोणी दिला होता? तुमच्यापैकीच कोणीतरी. बोलून नव्हे, न बोलून.

लॅबचा हिरा म्हणजे खोटा हिरा, ही समजूत डोक्यातून काढायला मला वेळ लागला, म्हणून त्याबद्दल थोडं लिहितो. तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र तुमची गिऱ्हाइकंही वाचतील. अमेरिकन डायमंड हा हिराच नाही, तो झिर्कोनियाचा खडा, दिसायला हिऱ्यासारखा. लॅबचा हिरा मात्र कार्बनचाच, रचनाही तीच, टणकपणाही तोच. १९५५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने असा हिरा बनवल्याचं जाहीर केलं. तेव्हाचे खडे बारीक, कारखान्यात घासकाम-कापकाम करायच्या उपयोगाचे. दागिन्याजोगा हिरा बनायला पुढे पंधराएक वर्षं गेली, आणि बाजारात ढिगाने यायला आणखी चार दशकं.

आज दोन रीती चालतात. एकीत कार्बनवर हवेच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि तेराशे-चौदाशे अंशांची उष्णता देतात, म्हणजे पृथ्वीच्या पोटात जे होतं त्याची नक्कल. दुसरी मला जास्त गमतीची वाटते. बंद भांड्यात हिऱ्याचीच एक पातळ चकती बियाण्यासारखी ठेवतात आणि त्यात हायड्रोजन आणि मिथेन सोडतात. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमध्ये असतो तोच. मायक्रोवेव्हने त्या वायूचा जाळ केला की मिथेनमधला कार्बन सुटतो आणि चकतीवर थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत हिरा तयार. खाणीतल्या हिऱ्याला शंभर कोटींपासून तीनशे कोटींपर्यंत वर्षं लागलेली असतात, तीही दीडशे किलोमीटरहून खोल. वर येतो तो ज्वालामुखीच्या नळीतून. (आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात हिरा नाही. आपल्या वाट्याला गारगोट्या आल्या, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघून या, त्याही काही कमी देखण्या नाहीत.)

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. नोट म्हणजे काय? कापसाचा कागद आणि शाई. तरी पाचशेची नोट घेऊन कोणीही कुठेही जातो, कारण तिच्यावर एक वाक्य छापलेलं असतं : मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ. खाली गव्हर्नरची सही. किंमत कागदाची नाही, त्या वाक्याची. हिऱ्यावर असं वाक्य नसतं. खाणीतल्यावर नाही आणि लॅबमधल्यावरही नाही. गिऱ्हाईक मात्र ते आहे असं धरून चालतं, कारण शेजारच्या सोन्याला ते आहे. सोनं तुम्ही त्या दिवसाच्या भावाने परत घेता, थोडी घट धरता, विषय संपतो. त्याच दागिन्यात, त्याच पावतीवर, त्याच तराजूशेजारी हिरा बसतो आणि सोन्याचा भरवसा आपोआप त्याला चिकटतो. बँक तरी स्पष्ट आहे. सोनेतारण कर्जाला डाग नेला की खड्यांचं वजन आधी वजा करते. खडा गोवळकोंड्याचा असो की सुरतेच्या भांड्यात वाढलेला, तिथे दोघांची पत सारखीच, शून्य.

तुम्ही म्हणाल, लहान खड्यांचं असंच असतं, मोठ्या हिऱ्याची बात वेगळी. मग मोठ्याचंच बोलू, तेही आपल्या गावच्या. ‘नासिक’ नावाचा हिरा जगाला ठाऊक आहे, आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. गोवळकोंड्याच्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला म्हणून ओळखला जाणारा, सुमारे नव्वद कॅरेटचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजांच्या हाती लागला. लंडनच्या जवाहिऱ्यांनी नव्याने पैलू पाडले, वजन ऐंशीच्या आसपास आलं. १८३० नंतरच्या दशकात तो लिलावाला आला तेव्हा जाणकारांनी धरलेल्या किमतीच्या कितीतरी खाली, ७,२०० पौंडांना गेला. एका उमरावाने तो घेतला, त्याच्या तलवारीच्या मुठीतही तो बसला होता. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घासला. आज त्याचं वजन ४३.३८ कॅरेट. निम्म्याहून जास्त ‘नासिक’ घासणीच्या चाकावर धूळ होऊन गेला. ती धूळ शोधायला तिथे आपल्याकडच्यासारखे, सराफांच्या गल्लीतली माती चाळणारे झारेकरीही नसतील. सांगायचं एवढंच की देवाच्या हिऱ्यालाही परत विकताना मार बसला. तिथे माझं पेंडंट ते काय.

मग हिरा ‘कायमचा’ आणि ‘किंमत धरून ठेवणारा’ हे डोक्यात भरलं कोणी? डी बिअर्स कंपनी १८८८ ची. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिरे इतके निघायला लागले की भाव कोसळायची भीती. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला नको. माल दाबून ठेवायचा, थोडा थोडा सोडायचा, भाव टिकवायचा. विसाव्या शतकाचा बराचसा काळ या कंपनीने जगातल्या हिऱ्यांची एक भलीमोठी कांदाचाळ चालवली असं म्हणा ना. फरक इतकाच की आपल्या चाळीतला कांदा सडतो, त्यांचा हिरा सडत नाही. आणि १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी नावाच्या जाहिरात लिहिणाऱ्या बाईंनी त्यांना ते हिरा कायमचा असल्याचं वाक्य लिहून दिलं. आपल्याकडे टीव्हीवर ते ‘सदा के लिए’ म्हणून आलं. ज्याने ते ऐकलं त्याने हिरा कधी परत विकायला काढला नाही, त्यामुळे परत विकताना काय मिळतं हे कधी कळलंच नाही. बिनतोड जाहिरात. छपाईवाला म्हणून मी तिला सलाम करतो.

आता चाळीला भगदाड पडलं आहे. भांडी वाढली, माल वाढला, आणि पिंपळगावला टोमॅटोची आवक वाढल्यावर जे होतं तेच लॅबच्या हिऱ्याचं झालं. डी बिअर्सनेच २०१८ मध्ये लॅबच्या हिऱ्यांचा लाइटबॉक्स नावाचा ब्रँड काढला, कॅरेटला ८०० डॉलर असा सरळ भाव लावून. २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या पेंडंटएवढा खडा मी परवा चौकशी केली तर एकतीस हजारांच्या जागी दहाच्या आत सांगितला. अमेरिकेतली जीआयए ही हिऱ्यांना दाखले देणारी मोठी संस्था, तिने तर ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग-शुद्धतेच्या त्या बारीक श्रेणी देणंच थांबवलं. आता फक्त दोन पायऱ्या, प्रीमियम आणि स्टँडर्ड. सगळेच जर स्वच्छ आणि पांढरे निघत असतील तर तोलायचं काय?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा माणूस लॅबच्या हिऱ्याविरुद्ध आहे. नाही. माझं मत बदललं ते आमच्या होऊ घातलेल्या सूनबाईंमुळे.

धाकट्याचं यंदा जमलं. मुलगी अंबडला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे, म्हणजे माझ्याच जातीची. साखरपुड्याच्या अंगठीचा विषय निघाला. मी, दुधाने तोंड पोळलेला, म्हणालो, खाणीतलाच घेऊ, लहान असला तरी चालेल. तिने शांतपणे विचारलं, “काका, आपण मोडायला घेतोय का घालायला?” मी म्हणालो, घालायला, पण वेळ काही सांगून येत नाही. “वेळेसाठी माझी एसआयपी आहे. आणि चार लाखांची अंगठी घालून मी सिटीलिंकच्या बसला लोंबकळू का? ती लॉकरमध्येच राहणार. लॅबची घेतली तर रोज घालीन. हरवली तर रडेन, पण झोप जाणार नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या पिढीने दागिना म्हणजे अंगावर घातलेली पासबुकं समजली. सौ.च्या पाटल्या मोडूनच जेल रोडचं घर उभं राहिलं, ते मी विसरणार नाही. पण त्या पाटल्यांचं काम आता या मुलीच्या फोनमधून होतं. तिला अंगठीकडून फक्त चमक हवी आहे, आणि चमक लॅबचा हिरा पुरेपूर देतो. तिला पावतीवर सगळं स्वच्छ लिहून दिलं तरी ती घेईलच. लपवायची गरज तिच्यापुढे नाही. गरज माझ्यासारख्यापुढेही नव्हती, पण तुम्ही धरलीत की म्हाताऱ्याला ‘लॅबचा’ म्हटलं तर उठून जाईल. खरं आहे, २०२१ मध्ये कदाचित उठलोही असतो. तो माझा हक्क होता.

लॅबच्या हिऱ्यात लाज वाटण्यासारखं काही असतं तर २०२३ च्या जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा लॅबचा हिरा भेट दिला नसता. दिला, आणि तो लॅबचा आहे हे जगाला सांगून दिला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने या हिऱ्याच्या बियाण्यावरचं आयातशुल्क काढून टाकलं आणि संशोधनासाठी आयआयटीला पैसे दिले. जे दिल्ली-वॉशिंग्टनमध्ये उघड बोललं जातं ते आपल्या काउंटरवर कुजबुजत का?

एक वेगळी खोडही सांगून टाकतो. तुमच्यापैकी काहींनी गंगापूर रोडला फलक लावलेत, लॅबचा हिरा म्हणजे ‘हरित हिरा’, ‘पृथ्वीला न दुखावणारा’. खाणीसाठी डोंगर पोखरावा लागतो, हे मान्य. आफ्रिकेत हिऱ्यांच्या पैशावर लढाया झाल्या, त्यातून २००३ मध्ये किंबर्ली प्रक्रिया नावाची दाखल्याची पद्धत आली, आणि तीही फक्त बंडखोरांचा पैसा बघते, मजुराची मजुरी बघत नाही. हेही मान्य. पण लॅबचं भांडं रात्रंदिवस विजेवर चालतं, आणि आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशाची. आमच्याकडून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. ज्याच्या भांड्याला सूर्याची किंवा पाण्याची वीज मिळते त्याने तसं लिहावं, दाखवावं. बाकीच्यांनी हिरवा रंग वापरू नये. आणि दुसऱ्या बाजूला बोट्स्वानासारखा देश आहे, ज्याच्या शाळा-दवाखाने खाणीतल्या हिऱ्यांवर उभे राहिले. लॅबचा हिरा वाढल्यावर तिथे ओढाताण सुरू झाली. सुरतेत घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसणाऱ्या कारागिराला मात्र दोन्ही खडे सारखेच कठीण लागतात, मजुरी तेवढी सारखी मिळत नाही. पुण्य कोणत्या तबकात जास्त आहे ते मला ठरवता येत नाही, आणि तुम्हीही फलकावर ठरवू नका.

आता मागणं.

नियमाने तुम्हाला काय सांगितलं आहे ते आधी. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे नुसता ‘हिरा’ किंवा ‘डायमंड’ हा शब्द फक्त नैसर्गिक हिऱ्यालाच लावायचा. लॅबमधल्याला तसं वेगळं म्हणायलाच हवं. म्हणजे माझ्या पावतीवरचं ते ‘डाय. ०.४६’ चुकीचंच. ग्राहक आयोगात जा असं मला चार जणांनी सांगितलं. गेलो नाही. कार्डावर लिहिलेलं होतं, हे मी वकिलाआधी स्वतःला सांगून बसलो होतो. शिवाय सराफ हा माणूस आम्ही लग्नाच्या याद्यांत आमंत्रणाला घालतो, कोर्टाच्या यादीत नाही.

मी मागतो ते नियमापेक्षा थोडं जास्त आहे. पावतीवर, खड्याच्या रकमेखाली, मराठीत दोन ओळी. पहिली : हा हिरा खाणीतला आहे, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला आहे. ‘एलजी’, ‘सीव्हीडी’, ‘डाय.’ असली आद्याक्षरं नकोत. दुसरी ओळ माझ्या दृष्टीने जास्त मोलाची : हा खडा आमच्याकडे परत आणल्यास इतके टक्के मिळतील. शून्य मिळणार असतील तर शून्य लिहा. खाणीतल्यालाही लिहा, लॅबमधल्यालाही लिहा. तेच ते नोटेवरचं वाक्य, आकडा लहान असला तरी चालेल, पण छापलेला असू द्या. काही पेढ्या स्वतःच्या खाणीतल्या हिऱ्याला ठरावीक टक्के परत देतातच, मग लिहायला काय हरकत? आणि ज्या देत नाहीत त्यांचं गिऱ्हाईक त्या ओळीने पळेल अशी भीती असेल, तर ते गिऱ्हाईक आज कशाच्या जोरावर थांबलं आहे याचा विचार करा.

सोन्याच्या बाबतीत तुम्ही हे केलेलंच आहे. हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा आपल्या बाजारात किती ओरड झाली, बंद पाळले. आज बहुतेक डागांवर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा ओळख क्रमांक, असतो, गिऱ्हाईक फोनमध्ये टाकून बघतं, आणि धंदा काही बुडाला नाही. दाखला असलेल्या बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असतो. तो दहापट भिंगाखाली दिसतो. दोन मिनिटं काढून गिऱ्हाइकाला भिंग द्या, नंबर वाचू द्या, कार्डाशी ताडू द्या. धनत्रयोदशीच्या गर्दीत जमणार नाही म्हणाल, तर त्या दिवशी हिरा विकू नका, सोनंच पुरेसं विकलं जातं. तबकंही वेगळी ठेवा. एकाच तबकात दोन जातीचे खडे मी स्वतः बघितले आहेत, आणि विकणारा मुलगाच गोंधळला होता.

आणि ‘हिरा म्हणजे गुंतवणूक’ हे तेवढं थांबवा. दागिना म्हणून विका, शोभा म्हणून विका, लग्नाची आठवण म्हणून विका. त्या आजोबांसारखं ‘घाला, मोडायला आणू नका’ असं म्हणून विकलंत तरी लोक घेतील. त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडून काहीही घ्यायला गेलो नव्हतो. येताना चांदीचा एक करंडा घेऊन आलो.

पुडीतल्या खड्याचं काय झालं हे कोणी विचारेल. लेकीने तो चांदीच्या अंगठीत बसवून घेतला. पेंडंट होतं तेव्हा लग्नकार्यालाच बाहेर निघायचं. आता भाजी चिरतानाही तो तिच्या बोटात असतो, परवा कणीक मळताना पैलूंत पीठ भरलं म्हणून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासत बसली होती. कुड्या सौ.ने सुनेला द्यायचं ठरवलं आहे, सोबत आजोबांनी सांगितलेला आकडाही एका चिठ्ठीवर लिहून ठेवणार आहे, म्हणजे पुढच्या पिढीला उगीच धीर नको.

धाकट्याचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. अंगठीसाठी आम्ही चौघं येत्या दोन-तीन शनिवारी बाजारात फिरणार आहोत. लॅबचाच हिरा घेणार आहोत, मुलीच्या बोटाचं माप बारा नंबर. पावतीवरच्या दोन ओळी जो लिहून देईल त्याच्याकडे घेऊ. भिंग माझं मी आणतो.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
जेल रोडचा एक गिऱ्हाईक
नाशिकरोड